गावातलं फायबर कनेक्शन: दोन वर्षं वापरून

गावातल्याच केबलवाल्याकडून फायबर घेऊन दोन वर्षं झाली. १०० एमबीपीएसचा प्लॅन, ४९९ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला ५८९ रुपये. वेग खरोखर चांगला आहे. थोरलीचा बारावीचा क्लास, आत्यांचं कीर्तन आणि ह्यांची मीटिंग एकाच वेळी चालते, काही अडकत नाही.

राग येतो तो दुरुस्तीचा. पावसाळ्यात फांदी पडून वायर तुटली. राऊटरवरचा लाल दिवा चार दिवस लुकलुकत होता. फोन केला की "माणूस निघालाय ताई". तो पाचव्या दिवशी आला आणि दहा मिनिटांत वायर जोडून गेला. त्या चार दिवसांचे पैसे मी बिलातून कापून घेतले. तुम्हीही घ्या.

आमचं घर जुनं, कराडच्या बाजूचं, दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती. राऊटर सोप्यातल्या, म्हणजे पुढच्या बैठकीतल्या, दिवळीत आहे. त्याच्या दोन वायफाय सिग्नलपैकी ५ गिगाहर्ट्झचा माजघराच्या उंबऱ्याशीच संपतो, २.४ चा थोडा आत जातो, माडीवर काहीच नाही. मोबाईलची रेंज तर तिथं कधीच नव्हती. जोडणारा मुलगा म्हणाला, "अजून एक डबा लावू, घरभर नेट येईल." मी नको म्हटलं, आजही नकोच म्हणते. ज्याला नेट हवं तो सोप्यात येऊन बसतो. माना खाली असतात, खरंय. पण परवा मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आल्याचा गाडीमागचा भाव मोठ्यानं वाचला, तर धाकट्यानं मोबाईलमधून डोकं काढून विचारलं, "गाडी म्हणजे किती?" पाचशे किलो, हे त्याला आजोबांकडून कळलं. नंतर दोघं हिशेब करत बसले, या वर्षी आपल्या किती गाड्या निघतील याचा. माडीवर एकटा असता तर हे झालंच नसतं.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायची पद्धत सुरू झाली. ते ऐकून आम्हीही राऊटरला सात ते साडेआठ बंदची वेळ लावून घेतली. आमच्या राऊटरच्या सेटिंगमध्येच ती सोय होती, वेगळे पैसे लागले नाहीत. पण कुणी आपणहून सांगितलं नव्हतं, विचारून घ्या. धाकटा आठ दिवस रुसला होता. आता त्या वेळेला आत्यांसोबत शेंगा फोडत बसतो.

पुढच्या महिन्यात याच कनेक्शनचे वर्षाचे पैसे भरणार आहे. दुसरा डबा मात्र घेणार नाही.