ॲक्सोलॉटलसोबत आठ महिने: टाकी, थंडावा आणि गांडुळं

पाणी बारमाही थंड ठेवण्याची सोय नसेल, तर ॲक्सोलॉटल, म्हणजे पाण्यातच राहणारा हा शेपटीवाला उभयचर, आणू नका. बाकी सगळं चुकतमाकत शिकता येतं, पण तापमानाला हा जीव सवड देत नाही. मूळचा तो मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोच्या पाण्यातला, समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून उंचावरचा. त्याला १६ ते १८ अंश सेल्सिअस पाणी मानवतं. २० पर्यंत चालवून घेतो, २४ च्या पुढे मात्र जिवावर बेततं.

माझ्याकडे पिल्लू आलं तेव्हा जेमतेम बोटभर होतं, आता वीतभर झालंय. सुरुवातीला मी पृष्ठभागावर वारा जाईल असा छोटा पंखा लावला. पाण्याची वाफ होऊन दोनतीन अंशांचा फरक पडला, पण पातळी रोज खाली जायची आणि खोली तापली की पंख्याचं काही चालायचं नाही. मग बर्फाच्या बाटल्या सोडून पाहिल्या. तासाभरात पाणी एकदम गार, रात्री पुन्हा कोमट. हे वरखाली होणंच त्याला सोसेना. दोन दिवस त्याने अन्नाला तोंड लावलं नाही, शेपटीचं टोक आकड्यासारखं वळवून कोपऱ्यात बसून राहिला. तिसऱ्या महिन्यात चिलर, म्हणजे टाकीचं पाणी थंड ठेवणारं यंत्र, घेतला. त्याची घरघर ऐकू येते, बाहेर टाकलेल्या गरम हवेने खोलीही तापते, तरी आता मी त्याशिवाय टाकीचा विचारच करणार नाही. आधीच घ्यायला हवा होता.

टाकी ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद. पाणी ३० सेंटिमीटर उंचीपर्यंत, म्हणजे साधारण १२० लिटर. हा तळाशी चालणारा प्राणी, त्यामुळे उंचीपेक्षा तळाची जागा महत्त्वाची. वर झाकण हवंच, कारण तो उडी मारून बाहेर पडू शकतो.

पिल्लू आणण्याआधी सहा आठवडे टाकी सायकल केली, म्हणजे प्राणी न सोडता फिल्टर चालवून पाणी तयार होऊ दिलं. विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला तेवढा वेळ लागतोच. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग शून्य येईपर्यंत थांबले. त्या दिवसांत रिकाम्या पाण्याकडे बघत बसणं जिवावर येतं, तरीही थांबा. आता आठवड्याला पाव टाकी पाणी बदलते, क्लोरीन काढून. नायट्रेट २० पीपीएमच्या (दहा लाखांत २० भागांच्या) आत राहतं. हा प्राणी खातो भरपूर आणि घाणही तितकीच करतो, म्हणून विष्ठा दिसली की ड्रॉपरने लगेच उचलते.

फिल्टरच्या बाबतीत माझी चूक झाली. जोरदार फिल्टर म्हणजे स्वच्छ पाणी असं धरून चालले. दोन दिवसांत त्याचे कल्ले पुढे, चेहऱ्याकडे वळले. डोक्याच्या दोन्ही बाजूंना तीनतीन देठ, त्यांवर पिसांसारखी लालसर झालर, आणि ती सारी वाऱ्यात उभ्या असलेल्या माणसाच्या केसांसारखी एकाच दिशेला. प्रवाह सोसत नसल्याची ती खूण होती. मग स्पंज फिल्टर लावला. चिलरच्या पाण्याचं तोंडही भिंतीकडे फिरवलं. आठवड्याभरात कल्ले मागे पसरले, झालर दाट झाली. रोज सकाळी मी आधी कल्ले बघते, मगच थर्मामीटर.

तळाला खडी घालू नका. अन्न दिसलं की तो तोंड उघडून पाण्यासकट सगळं आत ओढतो. बारीक खडा आतड्यात अडकला तर जीव जाऊ शकतो. मी आधी नुसती काच ठेवली होती, पण पाय सटकत होते. तो मोठा झाल्यावर अगदी बारीक वाळू पसरली, आता व्यवस्थित चालतो. लपायला कडा घासून गुळगुळीत केलेला पाईप आहे. पापण्या नसल्यामुळे दिवा मंदच ठेवते.

आहारात गांडुळाला तोड नाही. लहानपणी फ्रोझन ब्लडवर्म (गोठवलेल्या बारीक लाल अळ्या) दिले, ते आवडीने खाल्ले, पण पाणी फार खराब व्हायचं आणि नुसत्या त्यांवर अंग भरेना. गांडुळाचे तुकडे सुरू केल्यावर वाढ डोळ्यांना दिसू लागली. खतातली लाल गांडुळं मात्र त्याने थुंकून टाकली, त्यांच्या अंगातून कडवट द्रव सुटतो. जाड, मातीतली गांडुळं हवीत, आणि त्या मातीवर कीटकनाशक पडलेलं नाही याची खात्री हवी. चिमट्यात धरून तोंडासमोर हलवलं की तो आधी एक पाऊल टाकतो, थबकतो, मग डोकं झटकन पुढे आणि गांडूळ अर्धं आत. उरलेलं अर्धं दोनतीन हिसक्यांत जातं.

लहान असताना रोज, आता तिसऱ्या दिवशी एक मोठं गांडूळ. किती द्यायचं हे मी पोट बघून ठरवते: वरून पाहिलं की पोट डोक्याइतकंच रुंद दिसायला हवं. गांडुळं मिळाली नाहीत तर बुडणारे पेलेट्स (तयार खाद्याच्या गोळ्या) देते, पण ते तासाभरात खाल्ले नाहीत तर काढून टाकते. जिवंत मासे कधीच देत नाही, त्यांच्यासोबत परजीवी येतात.

मी पिल्लू घेतलं तिथे सोबत गोल्डफिश ठेवा म्हणाले होते. तो सल्ला ऐकू नका. मासे ती झालर कुरतडतात. दुसरा ॲक्सोलॉटलही मी अजून आणलेला नाही. लहान-मोठे एकत्र असले तर पाय तोडले जातात. पाय पुन्हा उगवतो हे खरं, पण म्हणून तो तुटू द्यायचा का? आणलाच तर वेगळ्या टाकीत, आणि तीही सहा आठवडे सायकल करून.