पाटी एक, विमाने तीन प्रकारची : एअर इंडिया एक्सप्रेस

एअर इंडिया एक्सप्रेसचे तिकीट काढणाऱ्याला वाटते की आपण एका कंपनीची सेवा विकत घेत आहोत. कागदोपत्री ते खरेही आहे, कारण १ ऑक्टोबर २०२४ पासून या कंपनीची सगळी उड्डाणे ‘आयएक्स’ या एकाच संकेताने होतात. प्रत्यक्षात मात्र या पाटीखाली वेगवेगळ्या काळांत आणि वेगवेगळ्या हेतूंनी घेतलेली तीन प्रकारची विमाने उडतात, आणि त्यांपैकी कोणते आपल्या वाट्याला येते यावर प्रवास कसा होणार हे बरेचसे ठरते. त्यामुळे या सेवेबद्दल मत द्यायचे असेल तर ती अशी का झाली हे आधी पाहावे लागते.

एअर इंडियाने ही उपकंपनी २००४ साली ‘एअर इंडिया चार्टर्स’ या आपल्याच जुन्या कंपनीच्या नावाखाली उभी केली आणि २९ एप्रिल २००५ रोजी तिचे पहिले विमान तिरुवनंतपुरमहून अबूधाबीकडे निघाले. हा मार्ग विचारपूर्वक निवडलेला होता. आखाती देशांत राबणारा माणूस वर्षा-दोन वर्षांनी गावी येतो आणि त्याला परवडणारे भाडे व भरपूर सामान नेण्याची मुभा एवढेच हवे असते. रत्नागिरी-रायगडातल्या ज्या घरांतली माणसे कुवेत, दुबई, मस्कतला आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. फरक इतकाच की कोकणातल्या माणसाला विमानासाठी आधी मुंबई गाठावी लागते, तर केरळात तिरुवनंतपुरम, कोची आणि कोझिकोड येथून ही कंपनी थेट उड्डाणे करीत होती. २०१८ च्या डिसेंबरात कन्नूरचा नवा विमानतळ सुरू झाला तेव्हा तेथून पहिले विमान उडवण्याचा मानही तिलाच मिळाला, आणि तेही अबूधाबीलाच गेले.

या सुरुवातीच्या यशाला एका सरकारी नियमाचा मोठा हातभार लागला होता, हे सहसा सांगितले जात नाही. खासगी विमान कंपनीने पाच वर्षे देशांतर्गत सेवा दिल्याखेरीज आणि तिच्या ताफ्यात वीस विमाने असल्याखेरीज तिला परदेशी उड्डाणे करता येत नसत. इंडिगो २००६ मध्ये सुरू झाली आणि तिचे पहिले आंतरराष्ट्रीय विमान २०११ च्या सप्टेंबरात दुबईला गेले. तोवर भारतीय स्वस्त कंपन्यांमध्ये आखाताचे मैदान एअर इंडिया एक्सप्रेसला जवळजवळ मोकळेच होते. अर्थात पलीकडून शारजाची एअर अरेबिया होतीच, पण मोकळ्या मैदानाचा लाभ उठवायलाही शिस्त लागते आणि ती या कंपनीने दाखवली. एकाच जातीची बोइंग ७३७-८०० विमाने, त्यांत एकाच वर्गाची १८० हून अधिक आसने, चार तासांच्या आतबाहेरचे पल्ले आणि प्रवाशाच्या हाती अल्पोपाहाराचा एक डबा, असा सगळा बेतशीर कारभार होता. हौस म्हणावी अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे प्रत्येक विमानाच्या शेपटीवर काढलेले भारतीय वास्तूंचे आणि कलांचे वेगवेगळे चित्र. मातृसंस्था तोट्यात रुतत चालली असताना ही उपकंपनी २०१५-१६ मध्ये नफ्यात आली आणि करोनापर्यंत दरवर्षी नफ्यातच राहिली.

मोठ्या कंपनीने स्वस्त उपकंपनी काढण्याचे आपल्याकडचे बाकीचे प्रयोग पाहिले तर या नफ्याचे मोल कळते. जेट एअरवेजने २००७ मध्ये एअर सहारा विकत घेऊन तिची जेटलाइट केली. कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन किंगफिशरच्या ताब्यात गेली आणि तिची किंगफिशर रेड झाली, आणि २०११ मध्ये ती सेवा बंद करण्याची घोषणा विजय मल्ल्या यांनाच करावी लागली. दोन्हीकडे अडचण एकच होती. मोठ्या हॉटेलच्या मालकाने आपल्याच दारात वडापावची गाडी लावली तर आतले गिऱ्हाईक बाहेर येऊन खाऊ लागते, आणि जेट व किंगफिशर यांच्या स्वस्त सेवा मातृसंस्थेच्याच मार्गांवर, त्याच प्रवाशासाठी उडत होत्या. एअर इंडिया एक्सप्रेस मात्र मातृसंस्थेला जिथे फारसा रस नव्हता अशा ठिकाणांहून उडत होती. माझ्या मते तिच्या पहिल्या पंधरा वर्षांतल्या टिकावाचे खरे कारण हेच आहे, आणि आज नेमकी तीच मर्यादा तिने ओलांडली आहे.

सुरक्षिततेचा हिशेब वगळून कोणत्याही विमान कंपनीचे परीक्षण पुरे होत नाही. या कंपनीच्या नावावर दोन मोठे अपघात आहेत. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले विमान मंगळुरूच्या पठारावरील धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले आणि १६६ पैकी १५८ जणांचा मृत्यू झाला. त्याची चौकशी निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील न्यायालयाने केली आणि ठपका ठेवला तो, विमान नीट स्थिरावलेले नसताना आणि सहवैमानिकाने पुन्हा वर घेण्यास तीनदा सांगूनही, उतरण्याचा हट्ट न सोडणाऱ्या मुख्य वैमानिकावर. दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, करोनाकाळात परदेशी अडकलेल्यांना घेऊन येणारे विमान कोझिकोडला भर पावसात तसेच पठारावरच्या धावपट्टीवरून घसरले. त्यात २१ जण गेले, आणि त्यांत मुख्य वैमानिक दीपक साठे होते. त्यांचे आईवडील नागपूरचे, त्यामुळे ती बातमी महाराष्ट्रात घरातल्या माणसाची वाचावी तशी वाचली गेली. चौकशीचा निष्कर्ष असा निघाला की विमान धावपट्टीवर फार पुढे टेकले होते आणि ठरलेल्या कार्यपद्धतीचे पालन झाले नव्हते. दोन्ही वेळा विमानतळ अवघड होता हे खरे, पण दोन्ही वेळा उतरणे सोडून वर जाण्याचा पर्यायही हाताशी होता.

२७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडियाबरोबर ही कंपनीही टाटा समूहाकडे आली, आणि येथून तिचे स्वरूप पालटले. टाटांकडे आधीच एक स्वस्त कंपनी होती, ती म्हणजे एअरएशिया इंडिया. मलेशियाच्या एअरएशियाबरोबर भागीदारीत काढलेल्या या कंपनीचे पहिले विमान १२ जून २०१४ रोजी बंगळुरूहून गोव्याला गेले होते. २०२२ च्या अखेरीस मलेशियन भागीदार बाहेर पडला, मार्च २०२३ मध्ये दोन्ही कंपन्यांचे आरक्षण एकाच संकेतस्थळावर आले, ऑक्टोबर २०२३ मध्ये केशरी आणि फिरोजी रंगांचे नवे रूप जाहीर झाले आणि वर्षभराने विलीनीकरण पूर्ण झाले. शेपटीवर पूर्वीच्या चित्रांऐवजी आता बांधणी, अजरख, पटोळा, कलमकारी अशा वस्त्रांचे नमुने दिसतात. ते देखणे आहेत यात वाद नाही.

मात्र रंग एका रात्रीत एक करता येतो, माणसे आणि यंत्रे तशी एक होत नाहीत. मे २०२४ मध्ये केबिन कर्मचाऱ्यांनी मोठ्या संख्येने एकाच वेळी आजारपणाची रजा टाकली आणि अनेक उड्डाणे रद्द झाली. कंपनीने पंचवीस जणांना कामावरून काढले आणि मुख्य कामगार आयुक्तांसमोर बैठक झाल्यावर परत घेतले. वेतनरचना, बढती आणि विलीनीकरणानंतरचा दर्जा हे त्यामागचे विषय होते. ज्या प्रवाशाला विमानतळावर पोहोचल्यावर उड्डाण रद्द झाल्याचे कळले, त्याला यांतले काहीच ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण विलीनीकरणाची किंमत त्यानेच मोजली.

आता प्रत्यक्ष विमानाकडे वळू. कोणते विमान मिळाले हे ओळखायला तांत्रिक ज्ञान लागत नाही. खिडकीतून पंखाचे टोक पाहावे. टोक एकाच दिशेने वर वळलेले आणि इंजिनाचे तोंड खालून जरा चपटे असेल तर ते आखाती काळातले ७३७-८००. टोक दुभंगून एक पाते वर आणि एक खाली गेलेले असेल तर ते नवे ७३७ मॅक्स. आणि इंजिनाचे तोंड पुरते गोल असेल तर ते बहुधा एअरएशियाकडून आलेले एअरबस ए३२०. तेही जमले नाही तर समोरच्या खिशातल्या सुरक्षा-सूचनांच्या कार्डावर नाव छापलेले असतेच. ए३२० चा सांगाडा ७३७ पेक्षा किंचित रुंद असल्याने तिघांच्या रांगेत मधल्या आसनावर बसणाऱ्याला खांदे आखडून घ्यावे लागत नाहीत. मॅक्सचा केबिन नवा आणि कमी आवाजाचा आहे. जुन्या ८०० मध्ये विमानाचे वय अंतर्भागावर दिसते. तीन तासांच्या प्रवासात हे फरक सोसण्याजोगे आहेत, पण भाडे तेच असताना वस्तू वेगळी मिळते, ही गोष्ट ग्राहक म्हणून मला पटत नाही.

यांतल्या अनेक मॅक्स विमानांची कथाही सांगण्यासारखी आहे. ती मुळात दुसऱ्याच विमान कंपन्यांसाठी, प्रामुख्याने चिनी, बांधली गेली होती. २०१९ मध्ये मॅक्सवर जगभर बंदी आली, व्यवहार अडकले आणि तयार विमाने गिऱ्हाइकाविना उभी राहिली. टाटांनी २०२३ मध्ये ४७० विमानांची प्रचंड मागणी नोंदवली तेव्हा तीत १९० मॅक्स होती, आणि ही तयार विमाने हाताशी असल्यामुळे ताफा झपाट्याने वाढवता आला. २०२५ मध्ये तो शंभरापलीकडे गेला. त्या मूळ मालकांसाठी बसवलेली पुढच्या भागातली रुंद, दोन-दोनच्या जोडीची आसने तशीच राहिली आणि कंपनीने ती ‘एक्सप्रेस बिझ’ या नावाने विकायला काढली. स्वस्त विमान कंपनीत बिझनेस वर्ग असण्याचे कारण असे घरबसल्या मिळालेले आहे. भाड्यातला फरक माफक असेल तेव्हा ही आसने उत्तम सौदा ठरतात. मात्र पुढेमागे सगळी विमाने एकाच वर्गाची करण्याकडे कंपनीचा कल आहे, तेव्हा या सोयीवर कायमचा भरवसा ठेवू नये.

भाड्याची रचना समजून घेतल्याशिवाय तिकीट काढणे महागात पडते. ‘लाइट’ भाड्यात फक्त हातातले सामान नेता येते, ते सात किलो, आणि आधी नोंदवले तर आणखी तीन. ‘व्हॅल्यू’मध्ये देशांतर्गत प्रवासाला पंधरा किलो सामान धरलेले असते. एका दिवसाच्या कामासाठी पुण्याहून बंगळुरूला जाणाऱ्याला लाइट पुरे, पण घरी लग्नकार्य असलेल्या कुटुंबाने त्या वाटेला जाऊ नये, कारण काउंटरवर भरलेल्या जादा वजनाच्या पैशांत वरचे भाडे आरामात बसले असते. पूर्वीचा अल्पोपाहाराचा डबा २०२३ मध्ये बंद झाला आणि आता खाणे विकत घ्यावे लागते. आधी नोंदवलेले गरम जेवण इतर स्वस्त कंपन्यांच्या मानाने बरे असते, एवढे श्रेय द्यायला हवे.

आखाती मार्गांवर सामान हा जिव्हाळ्याचा विषय आहे. त्या रांगेत उभे राहिले की दोरीने घट्ट बांधलेली खोकी, त्यांवर जाड मार्करने लिहिलेले नाव आणि गाव, आणि काट्यावर वजन पाहून एका बॅगेतली दुधाची पावडर दुसरीत सरकवणारे हात दिसतात. २०२४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीच्या मार्गांवरची मोफत मर्यादा तीसवरून वीस किलोवर आणली गेली आणि २०२५ च्या जानेवारीत ती पुन्हा तीस झाली. हा निर्णय मागे घेण्यात कंपनीने शहाणपणा दाखवला. ज्या प्रवाशाने तिला वाढवले त्याच्या लेखी ते दहा किलो ऐसपैस आसनापेक्षा मोलाचे आहेत.

मोठा प्रश्न पैशाचा आहे. स्वस्त विमानसेवेचा पहिला धडा असा की विमान एकाच जातीचे ठेवावे, म्हणजे वैमानिक, सुटे भाग आणि तंत्रज्ञ कोणत्याही विमानाला चालतात. येथे बोइंगचा वैमानिक एअरबस उडवू शकत नाही, आणि एक विमान बिघडले तर जवळचे दुसरे त्याची जागा घेईलच असे नाही. विलीनीकरण, झपाट्याची वाढ आणि इंडिगोशी थेट सामना हे सगळे एकदम अंगावर घेतल्याचा परिणाम ताळेबंदात उतरला आहे. संसदेत दिलेल्या आकडेवारीनुसार २०२४-२५ मध्ये या कंपनीचा करपूर्व तोटा सुमारे ५,६७८ कोटी रुपये होता, म्हणजे मातृसंस्थेच्या त्या वर्षीच्या स्वतंत्र तोट्याहूनही अधिक. एकेकाळी मातृसंस्थेच्या अडचणीच्या काळात नफा मिळवणाऱ्या उपकंपनीबद्दल हे वाचताना नवल वाटते, पण टाटांचे हिशेब लांबचे असतात आणि तूर्त त्या तोट्यातून प्रवाशाला स्वस्त भाडे व नवी विमाने मिळत आहेत.

मातृसंस्थेशी कामाची वाटणी आता बरीचशी ठरली आहे. महानगरांमधले मुख्य मार्ग आणि लांब पल्ले एअर इंडियाकडे राहतात, तर पर्यटनाची ठिकाणे, दुसऱ्या फळीतली शहरे आणि आखात व आग्नेय आशियातले जवळचे पल्ले एक्सप्रेसकडे. महाराष्ट्रातल्या प्रवाशाला याचा थेट उपयोग आहे. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ रोजी सुरू झाला तेव्हा पहिल्या दिवसापासून उड्डाणे करणाऱ्या कंपन्यांत ही होती. अंधेरीची वाहतूक टाळू पाहणाऱ्या पनवेल, खारघर, अलिबागच्या माणसाने भाड्यांची तुलना करताना हे नाव यादीत जरूर धरावे. परदेशातून एअर इंडियाने येऊन पुढे एक्सप्रेसने जायचे असेल, तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत, म्हणजे पहिले विमान उशिरा आले तर पुढच्या विमानाची सोय लावणे कंपनीची जबाबदारी राहते. आणि आरक्षणाच्या पानावर विमानाचा प्रकार दिलेला असतो तेथे ‘७३७-८’ दिसले तर ते मॅक्स, ‘७३७-८००’ दिसले तर ते जुने. भाडे सारखेच असेल तर तासभर मागेपुढे होणारी पहिल्या प्रकारची फेरी निवडावी.