अंदलुस की कॅस्टिल? मध्ययुगातल्या अल्पसंख्याकांचा तुलनात्मक आढावा

‘मध्ययुगात अल्पसंख्याकांना कोणाच्या राज्यात बरं होतं, मुसलमानांच्या की ख्रिश्चनांच्या?’ हा वाद निघाला की एक बाजू मुसलमानी स्पेनची राजधानी, दहाव्या शतकातलं कॉर्दोबा पुढे करते, दुसरी बिगरमुसलमानांवरचा कर जिझिया. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या समोरासमोर ठेवून काहीच ठरत नाही. कौल द्यायचाच असेल तर समाज, शतक आणि प्रदेश आधी बांधून घ्यावेत. इथे मुख्यतः ज्यूंना धरलं आहे, कारण ते दोन्हीकडे अल्पसंख्य होते. एका बाजूला अंदलुस म्हणजे मुसलमानी स्पेन आणि इजिप्त, दुसऱ्या बाजूला ख्रिस्ती स्पेन (कॅस्टिल हे त्यातलंच एक राज्य) आणि इंग्लंड.

सुरुवात पैशापासून करावी. आपल्याकडे जिझिया म्हटलं की औरंगजेबाचं १६७९ आठवतं, पण कराचा साचा त्याच्या कितीतरी आधीचा. सुन्नी मुसलमानांच्या कायदापंथांपैकी एक असलेल्या हनफी पंथाच्या कायद्यात वर्षाला श्रीमंताकडून ४८, मध्यमाकडून २४ आणि कष्टकऱ्याकडून १२ दिरहम असा दर होता. बायका, मुलं, गुलाम यांना माफी होती. कागदावर हे माफक दिसतं. प्रत्यक्षात काय व्हायचं ते जुन्या कैरोतल्या बेन एझ्रा सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या) कोठीत सापडलेल्या कागदांमधून कळतं. कर भरल्याची पावती जवळ नसेल तर प्रवास अवघड, वसुलीवाला आला की गरीब माणूस घरात दडून बसायचा, आणि समाजाच्या धर्मादाय निधीतून गरिबांचा कर भरावा लागायचा. याच कागदांमध्ये हिंदुस्थानशी व्यापार करणाऱ्या ज्यूंची पत्रं आहेत, त्यांत आपल्या ठाण्याचाही उल्लेख येतो. म्हणजे कर गरिबाला जाचायचा, पण धंद्याच्या वाटा बंद नव्हत्या.

ख्रिस्ती बाजूला ठरलेला दर हाच मुळात दुर्मीळ. ख्रिस्ती स्पेनमधल्या तेरुएल गावाच्या ११७६च्या सनदेत ज्यू हे राजाचे दास आणि राजाच्या खजिन्याचे, असं सरळ लिहिलं आहे. इंग्लंडमध्ये याचा अर्थ फार स्पष्ट दिसतो. लिंकनचा सावकार आरन ११८६मध्ये वारला तेव्हा त्याची मालमत्ता दुसऱ्या हेन्रीने ताब्यात घेतली आणि त्याची येणी वसूल करायला खजिन्यात वेगळी शाखाच उघडावी लागली. राजासाठी ज्यू ही दुभती गाय होती, म्हणून राजा तिला जपायचा. पण ज्यू सावकाराचं कर्ज शेवटी राजाच वसूल करतो हे कर्जदारांना ठाऊक होतं. ११९०मध्ये यॉर्कच्या किल्ल्यात आसरा घेतलेल्या ज्यूंचा अंत झाला, त्यानंतर जमावाने मोठ्या चर्चमध्ये ठेवलेले कर्जरोखे जाळले. गाय आटल्यावर काय होतं तेही दिसलं. १२९०मध्ये पहिल्या एडवर्डने ज्यूंना देशाबाहेर काढलं, त्याच वर्षी संसदेने त्याला भलामोठा कर मंजूर केला.

खरा फरक इथे आहे असं आमचं मत. मुसलमानी राज्यात ज्यू आणि ख्रिश्चन ‘जिम्मी’, म्हणजे कराराने संरक्षण मिळालेली प्रजा होते. दर्जा दुय्यम, पण तो धर्मशास्त्रात लिहिलेला. सुलतानाची लहर फिरली तरी काझीच्या दप्तरातून तो सहजासहजी पुसता येत नसे. ख्रिस्ती राज्यात राजाची सनद होती. ती उदार असू शकायची, कधी कधी जिम्मीच्या दर्जाहूनही उदार, पण राजाने दिलेलं राजा परत घेऊ शकायचा.

न्यायालयात मात्र पारडं उलट झुकतं. काझीपुढे मुसलमानाविरुद्ध जिम्मीची साक्ष चालत नसे. अंदलुसमध्ये मालिकी पंथाचा कायदा होता, त्यात मारल्या गेलेल्या ज्यूची किंवा ख्रिश्चनाची भरपाई मुसलमानाच्या निम्मी. हनफींमध्ये ती समान, म्हणजे शहर बदललं की जिवाची किंमत बदलायची. याउलट ख्रिस्ती स्पेनमधल्या कुएन्का शहराच्या सनदेनुसार ख्रिश्चन आणि ज्यू यांच्यातल्या वादाला एक ख्रिश्चन आणि एक ज्यू पंच बसत. तुलना करणारे बहुतेक जण हा मुद्दा सोडून देतात.

प्रार्थनास्थळं आणि कपडे यांत फारसा फरक नाही. जुनं प्रार्थनास्थळ दुरुस्त करा, नवं बांधू नका, हा नियम दोन्हीकडे होता. तेराव्या शतकातल्या कॅस्टिलच्या कायद्यात जुनं सिनेगॉग वाढवायला किंवा उंच करायलाही मनाई आहे. धर्म ओळखू येणारी अंगावरची खूण अब्बासी खलिफा मुतवक्किलने ८५०मध्ये सक्तीची केली, रोमच्या चर्च परिषदेने १२१५मध्ये. ममलूकांच्या इजिप्तमध्ये १३०१ला ख्रिश्चनांना निळं पागोटं आणि ज्यूंना पिवळं नेमून दिलं. असे हुकूम पुन:पुन्हा निघत, यावरूनच ते मधल्या काळात पाळले जात नसत हे कळतं.

लिहिलेला करार मोडायचा तेव्हा तोही मोडायचा. अंदलुसमधल्या ग्रानादात शमुएल हा ज्यू वजीर झाला, जिम्मीसाठी कायद्यात न बसणारं पद. त्याच्या मुलाला ३० डिसेंबर १०६६ रोजी जमावाने मारलं आणि शहरातल्या ज्यूंची कत्तल केली. ११४०च्या दशकात उत्तर आफ्रिकेतून अल्मोहाद ही कडवी मुसलमानी राजवट आली आणि त्यांनी जिम्मीचा दर्जाच मोडीत काढला: धर्म बदला, निघून जा किंवा मरा.

अशा वेळी लोकांची पावलं कुठे वळली ते पाहावं. दोन्ही बाजूंच्या दाव्यांपेक्षा ते जास्त सांगतं. अल्मोहादांपासून पळालेले अनेक ज्यू उत्तरेला, ख्रिश्चनांच्या तोलेदोकडे गेले. ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीझचं कुटुंब मात्र मोरोक्कोतल्या फेजमार्गे इजिप्तला, म्हणजे दुसऱ्या मुसलमानी राज्यात गेलं. १३९१मध्ये ख्रिश्चनांच्या सेव्हिलपासून कत्तली आणि सक्तीचे बाप्तिस्मे सुरू झाले तेव्हा प्रवाह उलटला, माणसं उत्तर आफ्रिकेतल्या अल्जिअर्सकडे निघाली. १४९२मध्ये स्पेनने ज्यूंना हद्दपार केल्यावर ऑटोमन तुर्कांच्या बंदरांकडे. पोर्तुगालने १४९७मध्ये ज्यूंना सक्तीने ख्रिश्चन केलं, आणि त्या ‘नव्या ख्रिश्चनां’वरचा संशय जहाजांसोबत गोव्यापर्यंत आला. १५६०मध्ये तिथे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय बसलं. गोव्यातला असाच एक ‘नवा ख्रिश्चन’, वैद्य गार्सिया द ओर्ता, याचे अवशेष त्याच्या मृत्यूनंतर, १५८०मध्ये, उकरून जाळले गेले.

आता कौल. प्रश्न ज्यूंचा असेल आणि काळ अकराव्या शतकापर्यंतचा, तर अंदलुस-इजिप्त नि:संशय बरं. बाराव्या-तेराव्या शतकात स्पेनपुरता ख्रिस्ती उत्तर भाग सरस, पण इंग्लंड नाही. १३९१नंतर पुन्हा मुसलमानी राज्यं. प्रश्न ख्रिश्चन राजवटीतल्या मुसलमानांचा असेल तर उत्तर लगेच मिळतं. सिसिलीच्या नॉर्मन राजांनी त्यांच्याकडून जिझियाच वसूल केला, पुढे त्यांना इटलीतल्या लुचेरात हलवलं गेलं आणि १३०० साली ती वस्ती मोडून लोकांना गुलाम म्हणून विकलं. ग्रानादाच्या शरणागतीच्या १४९१च्या तहात मुसलमानांना धर्माची हमी होती, ती दशकभरच टिकली. या मुसलमानांच्या ख्रिश्चन झालेल्या वंशजांनाही स्पेनने १६०९ ते १६१४मध्ये बाहेर काढलं, सुमारे ३ लाख माणसं. उलट बाजूला उत्तर आफ्रिकेतले स्थानिक ख्रिश्चन नाहीसे झाले, पण इजिप्तचे कॉप्ट, म्हणजे तिथले स्थानिक ख्रिश्चन, आजही आहेत.