मागच्या एक्सलची गळती: तिसरं सील नऊ महिने टिकलं, पण श्रेय सीलचं नाही

भोरहून वरंध घाटाकडे जाताना आत वळलं की आमची शेती. वाटेत ओढा आहे आणि पावसाळ्यात तो गुडघ्याच्या वर असतो. त्यासाठी जुनी डिझेलची फोर बाय फोर जीप ठेवली आहे. गेल्या जूनमध्ये तिच्या मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली. टायरवर काळा ओघळ, आणि ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढायची.

मिस्त्री म्हणाले, व्हील सिलिंडर गेला, म्हणजे ब्रेक ऑइल गळतंय. मला शंका होती. बोटावर घेतलं तर चिकट, आणि वास कुजक्या अंड्यासारखा. वाटीभर पाण्यात थेंब टाकला तर तो वर तरंगत राहिला. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. म्हणजे हे नव्वद नंबरचं, डिफरन्शियलचं (एक्सलच्या आतल्या, चाकं फिरवणाऱ्या गिअरचं) ऑइल होतं. आमच्या अंगणाला डावीकडे उतार आहे, त्यामुळे रात्रभर उभ्या गाडीचं ऑइल त्याच टोकाला जमायचं. सकाळी खाली डाग हमखास.

एक्सल शाफ्टभोवतीचं, ऑइल अडवणारं रबरी सील बदललं. तीन आठवडे बरे गेले, लावणी संपेपर्यंत पुन्हा ओल. दुसरं बदललं, ते पंधरा दिवसही टिकलं नाही. प्रत्येक वेळी ड्रम उतरवा, एक्सल शाफ्ट ओढा, शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) निघाल्या तशाच क्रमाने परत घाला. ब्रेकचे लायनर एकदा ऑइल प्यायले की पेट्रोलने धुवून काही होत नाही, गरम झाले की आतलं ऑइल पुन्हा वर येतं. मी एकदा धुवून बघितलं, काटकसर म्हणून. शेवटी नवेच घ्यावे लागले, तेही दोन्ही चाकांचे, कारण एकाच बाजूला नवे घातले तर गाडी ओढणारच.

तिसऱ्या खेपेला ऑइल काढलं तर साय घातलेल्या कॉफीसारखं दुधाळ. पाणी आत कुठून आलं? तेव्हा कुठे नजर एक्सलच्या वरच्या त्या बोटभर ब्रीदरकडे, म्हणजे हवा ये-जा करायच्या तोंडाकडे गेली. त्याची टोपी चिखलाने गच्च बसली होती, नखाने हलेना.

मग सगळं जुळलं. घाट चढून एक्सल तापतो, आतली हवा फुगते. ब्रीदर बंद असेल तर ती हवा सीलच्या ओठातूनच (शाफ्टला टेकणाऱ्या कडेतूनच) वाट काढते आणि सोबत ऑइल नेते. पुढे तोच तापलेला एक्सल ओढ्याच्या गार पाण्यात बुडाला की हवा आकसते आणि त्याच ओठातून पाणी आत खेचलं जातं. सील बिचारं दोन्हीकडून मार खात होतं.

शाफ्टवरही सीलच्या ओठाने खाच पाडली होती, नख अडकेल इतकी. नवं सील त्याच खाचेवर बसवून काय उपयोग? त्यावर जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची स्टीलची स्लीव्ह चढवली. सीलचं माप तेच राहतं. सील बसवताना ओठाला ऑइल लावलं, स्प्रिंगची बाजू ऑइलकडे ठेवली आणि हातोडीऐवजी जुन्या बेअरिंगच्या रिंगने सारखं दाबत नेलं. ब्रीदरच्या जागी निपल लावून रबरी पाइप मागच्या दिव्याच्या मागे उंच नेला, टोकाला छोटा फिल्टर. ऑइल जीएल-५ दर्जाचं, ८०डब्ल्यू-९०. भरायचं बूच आधी सैल करून मगच खालचं उघडायचं. वरचं जाम निघालं तर रिकामा एक्सल घेऊन बसाल.

नऊ महिन्यांत एकदाच घोटाळा झाला, तोही माझाच. पाइप मी नेमका मापाचा कापला होता. सप्टेंबरात एक चाक चरात उतरलं, एक्सल खाली झुलला आणि पाइप निपलवरून निसटला. आता वीतभर ढिला ठेवलाय, क्लिपही लावली आहे.

दिवाळीनंतर बूच उघडून बोट घातलं. पातळी भोकाच्या खालच्या कडेला, रंग काकवीसारखा, दुधाळपणा नाही. खालच्या बुचाच्या चुंबकावर राखाडी चिकट पीठ होतं, ते चालतं. कण किंवा तुकडे निघाले असते तर क्राऊन-पिनियन (डिफरन्शियलचे मुख्य गिअर) उघडावं लागलं असतं. ड्रम मार्चमध्ये उतरवला, आत फक्त लायनरची कोरडी धूळ.

खर्चाचं म्हणाल तर पाइप, निपल, फिल्टर मिळून एका सीलपेक्षा थोडे जास्त पैसे लागले. खिसा रिकामा केला तो लायनर आणि तीन वेळच्या मजुरीने. स्लीव्ह मात्र तालुक्याला मिळाली नाही, पुण्याहून मागवावी लागली, आणि मापासाठी शाफ्ट न घासलेल्या जागी व्हर्नियरने मोजून द्यावा लागला.

पिनियनच्या तोंडाशी, जिथून इंजिनाकडचा शाफ्ट एक्सलला जोडतो तिथे, हल्ली किंचित धुळकट ओल दिसते, थेंब पडत नाही. तिथलं नट कसं घट्ट करायचं यावर बेअरिंगचा ताण ठरतो, म्हणून तिथे मी स्वतः पाना लावणार नाही. कापडाने पुसून ठेवलंय. ओढ्याला पाणी आलं की पुन्हा बघेन.