मराठी मजकुरासाठी कळफलक की आवाज?

यावल तालुक्यातील एका केळी उत्पादक मित्राला पीकनोंदी आणि अर्ज मराठीत लिहायचे आहेत. त्यासाठी कळफलक शिकावा की बोलून लिहून घ्यावे, हा त्याचा प्रश्न. आवाज हा अधिक नैसर्गिक मार्ग मानला जातो, परंतु निवड कामानुसारच करावी.

शिकण्याच्या श्रमात आवाज सरळ पुढे आहे, कारण बोलता येणाऱ्याला नवे काहीच शिकावे लागत नाही. १९८६ मध्ये तयार झालेल्या इनस्क्रिप्टला, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या कळफलकाच्या मांडणीला, मात्र सराव लागतो. त्याची रचना तर्कशुद्ध आहे: स्वर डावीकडे, व्यंजने उजवीकडे आणि ज्या कळीवर ‘क’ तिच्यावरच शिफ्टसह ‘ख’. एकदा हात बसला की नजर पडद्यावरच राहते.

अचूकतेत चित्र उलटते. प्रमाण मराठीतील साधी वाक्ये आवाजाने बरी उतरतात. पण ‘काय करी ऱ्हायना’ असे अहिराणीत, म्हणजे खानदेशी बोलीत, बोलले की यंत्र त्याला ओळखीच्या मराठी शब्दांकडे ओढते. गावांची नावे, आडनावे आणि ‘एकोणसाठ’, ‘एकोणसत्तर’ असे जवळचे आकडे प्रत्येक वेळी तपासावेच लागतात. आपल्या बोलीला यंत्रात पुरेशी जागा नाही, ही मला खरोखर खटकणारी उणीव आहे.

खर्च दोन्हीकडे किरकोळ असला, तरी आवाजाला बहुधा इंटरनेट लागते आणि लिलावाच्या गलबल्यात तो निकामी ठरतो.

मळ्यात, हात चिखलाने भरलेले असताना टिपणे करायची असतील, किंवा ज्येष्ठांना निरोप लिहायचा असेल, तर आवाज घ्यावा. भाव, क्षेत्र, खातेक्रमांक असलेले अर्ज आणि अहिराणी लेखन यांसाठी कळफलकच शिकावा.