मॉन्टेलुकास्ट: सोयाबीन काढणीपासून तूर निघेपर्यंत

रोज रात्री जेवल्यावर दम्यासाठी मॉन्टेलुकास्टची १० मिलिग्रॅमची एक गोळी. सोयाबीन काढणीला सुरू केली, तुरीच्या मळणीपर्यंत नेमाने घेतली. दम्यात म्हणावा तसा फरक नाही. श्वास किती जोरात सोडता येतो ते मोजणाऱ्या पीक फ्लो मीटरमध्ये फुंकलं की काटा २८० च्या आसपासच घुटमळायचा. थ्रेशरचं कुटार अंगावर उडालं की ती रात्र भिंतीला टेकून बसूनच जायची.

चुलतभावाचा मात्र याच गोळीवर जीव. त्याला दम्यासोबत शिंका आणि गळकं नाक. आठवड्याभरात मोकळा झाला. काकू म्हणे, "त्याले लागू पडते, तुले काऊन नाई? गोयी बदलव." मेडिकलवाल्याने दुसऱ्या कंपनीची काढून दिली. पाकीट नवं, औषध तेच!

यवतमाळला छातीच्या डॉक्टरांनी नीट उलगडून सांगितलं. श्वासनळ्या सुजवणारी, आवळणारी रसायनं बरीच असतात, ल्युकोट्राइन त्यातली काही. ही गोळी ल्युकोट्राइन पेशीवर जिथे चिकटून काम करतं, ती एक जागा (रिसेप्टर) अडवते, बाकीच्या रसायनांना हात लावत नाही. ज्याच्या दम्यात ल्युकोट्राइनचाच जोर, त्याला गुण येतो. ॲस्पिरिनने ज्यांचा दमा उसळतो, त्यांच्यात हा जोर हमखास जास्त. शिवाय ल्युकोट्राइन बनवणाऱ्या एन्झाइमची जनुकं सगळ्यांची सारखी नसतात.

२००५ साली अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला. दम्याच्या मुलांना ही गोळी आणि स्टेरॉइडचा पंप आळीपाळीने आठ-आठ आठवडे दिला. फुफ्फुसाची ताकद मोजली तर फक्त पंपाने सुधारलेली २३ टक्के, फक्त गोळीने ५, दोन्हींनी १७. उरलेल्या ५५ टक्क्यांत ठरवलेल्या पातळीइतका फरक कशानेच नाही. म्हणजे मी काही जगावेगळा नाही.

मला झोपेचा त्रास झाला नाही. पण भयानक स्वप्नं, चिडचिड, उदासी, आत्महत्येचे विचार यांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये या औषधावर सगळ्यात कडक इशारा लावला. लेकरांना सुरू असेल तर त्यांच्या वागण्याकडे लक्ष असू द्या. आणि दम उठल्यावर ही गोळी खाऊन वाट पाहू नका, त्या कामाची ती नाहीच.

गोळीला माझ्याकडून पाचपैकी दोन. चुलतभाऊ पाच देईल, तेही खोटं नाही.

आता बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप (स्टेरॉइड आणि श्वासनळ्या मोकळं करणारं औषध एकत्र), स्पेसर म्हणजे पंपाला जोडायची नळी लावून, नंतर चूळ भरून. पंपाची सवय लागते असं म्हणत गावात अजून नाकं मुरडतात. काटा ३६० वर गेलाय. पंपाचा गुण दिसल्यावर गोळी डॉक्टरांनीच बंद केली.