नमपाय: अरेतले आकडे दुसऱ्या अरेत कॉपी करायला कसं आहे, तीन पावसाळे वापरून

मी लातूरला असतो. औसा-निलंग्याकडच्या आठ गावांतला पावसाळ्याचा रोजचा पाऊस एका जागी मांडायचं काम तीन वर्षं झाले करायलो. जून ते सप्टेंबर १२२ दिवस, गावं आठ, म्हणजे एका सीझनचे ९७६ आकडे. लोकं वहीत लिहितात, मी ते एक्सेलमधे टाकतो आणि तिथून पायथन ह्या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या नमपायमधे, म्हणजे आकड्यांचं काम करायच्या लायब्ररीत. आकड्यांच्या तक्त्याला तिच्यात अरे (array) म्हणतात. लायब्ररी फुकट आहे, ओपन सोर्स आहे, ट्रॅव्हिस ऑलिफंटने जुन्या न्यूमेरिक आणि नमअरे ह्या दोन लायब्रऱ्या एकत्र आणून २००६ ला हिचं १.० काढलं. इथं फक्त कॉपीबद्दल लिहितो, कारण माझं निम्मं काम तेच आहे आणि माझी सगळ्यात मोठी चूक पण तिथंच झाली.

झालं असं की मी आठ ओळी १२२ कॉलमची रिकामी अरे बनवली आणि मेमरी वाचंल म्हणून तिला डीटाइप, म्हणजे आकड्याचा प्रकार, इंट३२ (पूर्णांक) दिला, फ्लोट६४ (दशांशाचा आकडा) ला एका आकड्याला ८ बाइट लागतात, इंट३२ ला ४. मग बी[:] = ए (ए पावसाची मूळ अरे, बी ही नवी) लिहून सगळा पाऊस तिच्यात ओतला. एरर नाही, वॉर्निंग नाही, एका झटक्यात काम झालं. तिच्यावरून पावसाचे दिवस मोजले आणि यादी त्यातल्या एका गावच्या काकांना पाठवली. हवामान खात्याच्या हिशोबाने २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस. काका रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापक बघून वहीत लिहितात, त्यांनी संध्याकाळी फोन केला, "अरे बाबा, सात जुलैला माझ्याकडं २.८ लिहिलेलं हाय, तुझ्या यादीत तो दिवसच न्हाई की. वाफसा मोडला व्हता त्या पावसानं, मला चांगलं ध्यानात हाय."

काकांचंच बरोबर होतं. इंटच्या अरेत फ्लोट टाकला की पॉइंटच्या पुढचं सगळं कापलं जातं, राउंड पण होत नाही. २.८ चे २ झाले, २.५ चे पण २ झाले आणि ते दिवस मोजणीतून बाहेर गेले, एकट्या त्या गावाचे तीन दिवस कमी भरले. जिथं पेरणीनंतर दोन-तीन आठवडे पाऊस दडी मारतो आणि सोयाबीन माना टाकतं, तिथं तीन दिवस म्हणजे थोडकी गोष्ट नाही हो.

म्हणून मला ह्या लायब्ररीतलं सगळ्यात आवडलेलं फंक्शन म्हणजे कॉपीटू. आधी कुठं टाकायचं ती अरे द्यायची, मग कुठून घ्यायचं ती. तेच काम कॉपीटूने केलं असतं तर फ्लोट६४ वरून इंट३२ ला जमत नाही म्हणून तिथंच टाइपएरर आला असता, कारण त्याचं कास्टिंग, म्हणजे एका प्रकारातून दुसऱ्यात बदलायचा नियम, मुळात सेमकाइंड (एकाच जातीतलं) असतं. पण त्याच्यावर पण डोळे झाकून विसंबू नका. इंट६४ वरून इंट८ हे त्याच्या लेखी एकाच जातीचं, ते चालू देतं, आणि इंट८ मधे मावतं फक्त उणे १२८ ते १२७, त्यामुळं २०० मिलिमीटरचे गुपचूप उणे ५६ होतात. कास्टिंग सेफ लिहिलं की हे पण अडतं. मी आता प्रत्येक ठिकाणी सेफ लिहितो, टाइप करायचा कंटाळा आला तरी.

कॉपीटूला वेअर पण देता येतं, ते लई कामाचं आहे. एखाद्या गावाचा आकडा राहिला असंल तर मी तिथं उणे ९९९ टाकून ठेवतो, मग जिथं उणे ९९९ आहे तेवढ्याच जागी दुसऱ्या वहीतले आकडे भर म्हणून सांगायचं, बाकीच्याला हात लागत नाही. आधी हेच मी फॉर लूप लावून करायचो.

नवीन माणूस हमखास अडकतो ते बी = ए मधे. ह्यात कॉपी होतच नाही, एकाच अरेला दोन नावं पडतात, बीमधे बदललं की एमधे बदललंच. स्लाइसचं पण तसंच, एका गावाची ओळ काढून मी उणे ९९९ चे शून्य केले तर मूळ अरेतले पण शून्य झाले, कारण स्लाइस म्हणजे व्ह्यू, मेमरी तीच. आणि गावांच्या नंबरांची लिस्ट देऊन ओळी काढल्या तर मात्र खरी कॉपी मिळते. हे काही बरोबर वाटलं नाही मला, दिसायला दोन्ही चौकटी कंसच. शंका आली की शेअर्समेमरी लावून बघा, ट्रू आलं तर मेमरी एकच आहे, मग आधी .कॉपी() करा.

दुसरी एक खोड. १२२ आकड्यांची एकच ओळ आठ ओळींच्या अरेत टाकली तर ती आठही गावांना तोच पाऊस लावून मोकळी होते, चकार शब्द काढत नाही. १२१ असते तर एरर आला असता. ब्रॉडकास्टिंग म्हणतात त्याला, इतर वेळी सोयीचं आहे पण कॉपी करताना दोन्हीकडचा शेप (ओळी किती, कॉलम किती) प्रिंट करून बघितल्याशिवाय मी पुढं जात नाही.

एका गोष्टीला मात्र पैकीच्या पैकी मार्क. तीन गावं सकाळी मोजलेला पाऊस त्याच दिवसाच्या तारखेला लिहितात आणि बाकीची आदल्या दिवसाच्या, म्हणून त्या तीन ओळी एक घर डावीकडं सरकवाव्या लागतात. अरेचा एक तुकडा त्याच अरेच्या दुसऱ्या तुकड्यावर कॉपी करताना आकडे एकमेकावर चढतील अशी धास्ती होती, सी भाषेत मेमसीपीवाय फंक्शनने असं केलं तर काय होईल त्याची हमी नसते, मेममूव्ह वापरावं लागतं. नमपाय हे स्वतःच सांभाळून घेतं, मी वहीशी एकेक आकडा ताडून बघितला, एकही चुकला नव्हता. शेवटच्या घरात जुनाच आकडा राहतो तेवढा आपल्या हाताने भरायचा.

पाचपैकी चार देतो. एक कापला तो बी[:] = ए गपगुमान पॉइंट खातं म्हणून, निदान वॉर्निंग तरी यायला पाहिजे होती. काकांची यादी फ्लोट६४ मधे नव्याने काढून दिली, सात जुलै आहे त्यात. आता बाकीच्या सात गावांच्या जुन्या याद्या काढून परत मोजायलो.